अतिसंवेदनशील स्वभाव: घराने सांभाळून घ्यायचं की ज्याचं त्याने?

कैरी
माझ्या नवऱ्याला लग्नाच्या हॉलमध्ये तासभर बसवलं की तो डोकं धरतो. घरी आल्यावर रात्रभर कुणाशी बोलत नाही. ट्यूबलाइट चरचरते म्हणून बंद करतो, आणि ती चरचर बाकी कुणाला ऐकूही येत नसते. सासूबाई म्हणतात, लहानपणापासून हळवा आहे. समुपदेशकांकडे गेलो तेव्हा अतिसंवेदनशील व्यक्ती हा प्रकार कळला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ इलेन अ‍ॅरन यांनी तो १९९०च्या दशकात मांडला. हा आजार नाही, उपजत स्वभाव आहे. आवाज, उजेड, वास, समोरच्याचा मूड, सगळं आत खोलवर जातं आणि माणूस लवकर थकतो. आता समारंभाला आम्ही वेगवेगळे जातो. तो अक्षता टाकून, जेवून निघतो, मी थांबते. नणंद म्हणते, हे लाड आहेत. तुमचं काय मत?

जुना_गिरगावकर
नणंदेशी सहमत. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण. खाली बँड, शेजारी रेडिओ, माळ्यावर अभ्यास. सगळ्याची सवय होते. हल्ली प्रत्येक खोडीला इंग्रजी नाव मिळतं, आणि नाव मिळालं की माणूस बदलायचं मनावर घेत नाही.

सांजवारा
काका, चाळीतही अशी माणसं होतीच की. माझे मामा कामावरून आले की चहाही न घेता थेट गच्चीवर. पाण्याच्या टाकीला टेकून अंधार पडेपर्यंत बसायचे. मजल्यावर त्यांना ‘सर्किट’ म्हणायचे. सवय झाली असती तर तीस वर्षं गच्चीवर कशाला गेले असते?

लिंबूटिंबू
दोन्ही बाजूंना थोडं थंड पाणी. अ‍ॅरनबाईंची मूळ प्रश्नावली २७ प्रश्नांची, आणि उत्तरं आपणच आपल्याबद्दल द्यायची. त्यांचा अंदाज होता की १५ ते २० टक्के माणसं अशी असतात. नंतरच्या काही अभ्यासांत हा आकडा ३०च्या आसपास गेला. म्हणजे इथे ‘आहे’ आणि ‘नाही’ अशी भिंत नाही, कमीजास्त सगळ्यांतच असतं. शिवाय सतत काळजी करणाऱ्या स्वभावाशी हे बरंच मिसळतं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत ते नाही, हे बरंच आहे. पण अर्धशिशी, कानाचे विकार, चिंतारोग, स्वमग्नता या गोष्टी या नावाखाली झाकल्या जाऊ शकतात. कैरीताई, कान दाखवलेत का?

कैरी
कान आणि अर्धशिशी, दोन्ही बघून झालं. काही निघालं नाही.

तिठा
नाव खरं की खोटं, यावर मला वाद घालायचाच नाही. कैरी, हाच स्वभाव तुझा असता तर घराने एवढं सांभाळलं असतं?
मी अशीच आहे. गौरी जेवणाचा दिवस, पंचवीस पानं. दोन कुकर, मिरचीचा खाट, त्यात पंखा बंद कारण समई विझते, आणि ओट्याशी चार बायका एकाच वेळी चार सूचना देतायत. मी बाथरूममध्ये नळ सोडून पाच मिनिटं बसले. ‘माणूसघाणी’ हे नाव तिथे पडलं ते आजतागायत आहे. पुरुष असा असला की मनस्वी, बाई असली की तिची नाटकं. आणि त्या मनस्वी माणसासाठी मुलांना गप्प बसवणारी, दारातून पाहुणे परतवणारी, हॉलमध्ये थांबून ‘त्यांना जरा बरं नाही’ सांगणारी कोण असते?

कैरी
तिठा, लागलं. पण अगदी एकतर्फी नाही गं. वाटणघाटण आता तोच करतो. मिक्सरचं बटण स्वतः दाबलं की त्रास कमी होतो म्हणतो, अचानक सुरू झाला की दचकतो. आणि माझा चेहरा बघून ऑफिसात काय बिनसलं ते मी चप्पल काढायच्या आत ओळखतो. हे मला हवंच आहे.

जुना_गिरगावकर
चेहरा आम्हीही ओळखतो, बोलून दाखवत नाही एवढंच.

खडूस_पेठकर
काका, तुमच्या बँडबद्दल. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विसर्जनाच्या दिवशी आमच्या खिडकीची काच थरथरते. एवढ्यात शांत बसणाऱ्याला नॉर्मल म्हणायचं आणि ज्याचं डोकं उठतं त्याला नाजूक? माझ्या मते तपासणी उलट्या बाजूची व्हायला हवी.

जुना_गिरगावकर
डीजे बंद करा, माझी सही घ्या. पण हा सणांचा प्रश्न नाही, नात्यांचा आहे. लांबच्या लग्नातून अक्षता टाकून निघाल तर खपेल. घरच्या कार्यात काय करणार?

कैरी
तेच तर समोर येऊन ठेपलंय. नणंदेच्या मुलीचं लग्न डिसेंबरात. हा सख्खा मामा. मुलीला बोहल्यावर हाच आणणार, म्हणजे मंगलाष्टकं, वाजंत्री, ड्रोन, सगळं अंगावर. तो तयार आहे, फक्त मुलगी मंडपात येताना ताशा नको म्हणतो. नणंद म्हणते, एकुलत्या एक मुलीचं लग्न मुकं करू का? सध्या बोलणी अडली आहेत.

तिठा
आणि नणंदेशी ही बोलणी करतंय कोण? तो की तू?