अनुभव धागा: जुना फोटो, जुनं कार्ड, आणि ते कधीचं हे कसं ओळखलंत?

मुंबईचे जुने फोटो निघाले की "काय ती मुंबई होती, रस्ते किती मोकळे" याच्या पुढे गप्पा सरकतच नाहीत, म्हणून हा धागा काढतेय. उसासे थोडे बाजूला ठेवा. घरच्या ट्रंकेतला फोटो, चोरबाजारातून आणलेलं पोस्टकार्ड किंवा रोज बसच्या खिडकीतून दिसणारी एखादी जुनी इमारत, काहीही चालेल, पण ते कुठलं आणि कधीचं हे तुम्ही कसं शोधून काढलंत ते लिहा. मागे तारीख लिहिलेली असेल तर त्यात काय मजा :) शक्यतो मुंबईच, पुणेकरांनी राग मानू नये.

सुरुवात मीच करते. माझ्याकडे ताजमहाल हॉटेलचं एक कार्ड आहे, समुद्राकडून घेतलेलं, पुढे अपोलो बंदर, दोनचार होड्या, आणि गेटवेचा पत्ताच नाही. ताज सुरू झालं डिसेंबर १९०३ मध्ये, गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे कार्ड साधारण त्या मधल्या वीसेक वर्षांतलं. आता ते उलटं करा. मागे फक्त पत्त्याला जागा आहे, मजकूर लिहायचा तर पुढे चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत, आणि तिथे लिहिणाऱ्यानं इतकं कोंबलंय की शेवटचे शब्द कडेनं उभे चढलेत. मागच्या बाजूला मध्ये रेघ मारून अर्धी जागा मजकुराला द्यायची सोय ब्रिटनमध्ये १९०२ ला झाली, आपल्याकडे थोडी उशिरा आली, त्यामुळे माझं कार्ड ताज नवंकोरं असतानाचं असणार असं मी धरते.

आणि हो, ताज उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला ही गोष्ट कृपया इथे कुणी टाकू नका. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, वैद्य काम चालू असतानाच वारले आणि चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरनं ते पुरं केलं. दार आधी शहराच्या बाजूलाच होतं, मुद्दाम ठेवलेलं.

---

ट्रामवाले काका

धागा आवडला. माझी पद्धत सोपी, रस्त्याचा फोटो असेल तर आधी ट्राम शोधायची. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, डबलडेकर ट्राम १९२० ला आणि ३१ मार्च १९६४ ला सगळंच बंद. बस धावायला लागली १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, आणि डबलडेकर बस १९३७ पासून. एवढं पाठ असलं की अर्धे फोटो जागेवर बसतात. माझ्या आत्याच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, आजोबा कोट टोपी घालून रस्त्याच्या कडेला, हातात छत्री. आत्या म्हणायची फोटो खराब आहे, वर आकाशात ओरखडे पडलेत. मी भिंग घेऊन बसलो तर ओरखडे एकदम सरळ आणि एकमेकांना समांतर, आणि डाव्या कोपऱ्यात ते एका खांबाला जाऊन मिळतायत. ट्रामच्या तारा! खाली रुळाचा जेमतेम हातभर तुकडा दिसतो, बाकी कडेला कापलं गेलंय. त्या दिवसापासून मी फोटोतला माणूस सगळ्यात शेवटी बघतो.

---

सातासमुद्रापार

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे आणि इथे रविवारच्या जुन्या बाजारात मुंबईची कार्डं दोनतीन पौंडात पडलेली असतात, मुंबईत शोधून सापडणार नाहीत इतकी. कारण उघड आहे, ती इकडे पाठवण्यासाठीच छापलेली होती. साहेब, सोजीर, त्यांच्या बायका, बोटीवरून उतरले की पहिलं कार्ड आईला. क्लिफ्टन अँड कंपनीचं नाव सारखं दिसतं, ती मुंबईचीच. मजकूर मात्र अगदी रटाळ हो, पोचलो, उकाडा फार आहे, पुढच्या टपालाच्या बोटीनं सविस्तर लिहितो, संपलं. विषयही ठरलेले: बोरीबंदर, राजाबाई टॉवर, मलबार हिलवरून दिसणारा समुद्राचा बाक, पारशांची दखमा, म्हणजे मृतदेह ठेवायची विहीर (ती तर भयंकर खपत असावी, प्रत्येक खोक्यात निघतेच). काळबादेवी, भेंडीबाजार अशा गजबजलेल्या रस्त्यांची कार्डं आहेत, पण ती रस्त्यावर उभं राहून काढलेली, जिना चढून चाळीत गेलेलं एक कार्ड मला आजवर मिळालं नाही. आणि मग "नेटिव टाइप्स" म्हणून धोबी, भिस्ती, आया यांना स्टुडिओत उभं करून काढलेली, चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की कधी सोडतायत असं झालंय.

त्या ढिगात एकदम वेगळी वाटतात ती धुरंधरांची चित्रं असलेली कार्डं. आपले चित्रकार एम. व्ही. धुरंधर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टवाले. माणसं मुंबईचीच, पण ती काढणारा शेजारी राहणारा असावा असं वाटतं, खट्याळपणा आहे त्यात. ती मात्र दोनतीन पौंडात सोडा, हात लावू देत नाहीत.

---

परळकर

वर लिहिलंय ना की चाळीत कुणी चढलं नाही, तेच लिहायला आलो. आमचं घर बीडीडी चाळीत, १६० चौरस फूट, माणसं किती ते विचारू नका. आमच्या चाळीचा "चाळीचा फोटो" म्हणून काढलेला एकही जुना फोटो नाही. कोण काढणार आणि कशाला. जे आहे ते सगळं लग्नाच्या नाहीतर बारशाच्या फोटोंच्या मागे आलेलं, नवरीच्या खांद्यामागे कॉमन गॅलरी, पाण्याची पिंपं, दोरीवर कुणाचातरी लेंगा, आणि गॅलरीच्या पलीकडे गिरणीची चिमणी. चिमणीला धूर असला की गिरणी चालू.

पण खरा खजिना मंडळाकडे निघाला. गणपती उठायच्या आदल्या दिवशी ग्रुप फोटो काढायची रीत होती आणि पुढे बसलेल्या पोराच्या हातात पाटी, पाटीवर मंडळाचं नाव आणि साल, धागाकर्तीच्या हिशोबानं ही चीटिंग आहे पण ऐका. मी ते सगळे फोटो ओळीनं लावून बघितले. आधी धोतरं आणि टोप्या, मग लेंगे, मग बेलबॉटम आणि कल्ले. १९८१ च्या फोटोत माणसं इतकी की मागची रांग बाकावर उभी आहे. जानेवारी ८२ ला गिरण्यांचा संप झाला. त्या वर्षीच्या फोटोत बाक लागलंच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तर पोरं आणि म्हातारेच, मधली वयाची माणसं एकतर गावाला गेलेली नाहीतर मिळेल तिथे कामाला. माझे वडील १९८१ मध्ये डावीकडून दुसरे आहेत, त्यानंतर थेट ८६ ला दिसतात. मधल्या वर्षांत ते कोकणात शेती करत होते, पण हे आम्हाला कधी नीट सांगितलंच नव्हतं.

आता चाळी पाडून टॉवर होतायत तर पोरं मोबाईल घेऊन जिन्यांचे, मोरीचे, गॅलरीच्या लाकडी कठड्यांचे व्हिडिओ काढत फिरतायत. काढा म्हणावं, भरपूर काढा, आणि फाईलला साल टाका.

---

ट्रामवाले काका

परळकर, तो ८१-८२ चा सेट कुठेतरी नीट स्कॅन करून ठेवा हो. मंडळाच्या कपाटात वाळवी लागेल.

---

दगडधोंडे

मी आर्किटेक्ट, त्यामुळे फोटोपेक्षा इमारतीच्या अंगावरून वाचायची सवय. फोर्टातल्या गॉथिक इमारतींकडे एकदा नुसता दगड बघत चाला. पिवळसर तो मालाडचा, काळा आपला बसाल्ट, आणि जिथे बारीक कोरीवकाम तिथे बहुतेक पोरबंदरचा, कारण तो मऊ, छिन्नीला ऐकतो. हे सगळं उभं राहिलं कारण १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि मैदानाकडची जागा मोकळी झाली. त्याच्या आधीचे फोटो फार थोडे, पण आहेत, कारण मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ लाच निघाली होती, आणि भाऊ दाजींचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, स्वतः फोटो काढायचे. फोटोग्राफी म्हणजे फक्त साहेबांचं काम हा समज तिथेच संपतो.

बोरीबंदरचा जुना फोटो मिळाला तर घड्याळाच्या खाली बघा. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा असायचा. आज जागा रिकामी आहे पण वरची छत्री तशीच, त्यामुळे माहीत नसेल तर काही कमी आहे हे कळतच नाही. राणीचं नाव गेलं, पुतळा गेला, जगन्नाथ शंकरशेटांचा चेहरा मात्र इमारतीवर अजून आहे, लोकलला पळताना कुणी वर बघत नाही एवढंच. दगडातले प्राणी-पक्षी, पानंफुलं यांवर जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

अजून एक, माझी आवडती. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून बोटीनं आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा इथे दाखवला गेला. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, सावेदादा, त्यांनी ल्युमिएरचे खेळ बघितले आणि चक्क कॅमेरा मागवला, १८९९ ला हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. जुन्या फोटोत ही इमारत सगळ्या मजल्यांना उघडे व्हरांडे असलेली, हवेशीर दिसते. आता व्हरांडे बंद करून खोल्या केलेल्या, बाहेरून टेकू. मला विचाराल तर मुंबईतली सगळ्यात दुर्लक्षित इमारत हीच.

---

वाट चुकलेला पुणेकर

राग मानलेला नाही, पण लिहिणार :)

आमच्याकडे जुने फोटो नाहीत आणि का नाहीत हेच सांगायचंय. घर नदीजवळ, नारायण पेठेत. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं. लकडी पुलावरून पाणी गेलं तिथे आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेची काय कथा. आजी सांगायची की पाणी ओसरल्यावर अल्बम सापडला, पण फोटो एकमेकांना असे चिकटले होते की सोडवायला गेलं की एकाचं नाक दुसऱ्याच्या पाठीवर. शेवटी अल्बम चिखलाबरोबर टाकून दिला. वाडाही नंतर पडला.

मग काही वर्षांपूर्वी इंदूरच्या मावशीआजी वारल्या, त्यांच्या घरच्यांनी एक पाकीट पाठवलं. आजी त्यांना प्रत्येक कार्याचा एक फोटो टपालानं पाठवायची. आमच्या घराचे फोटो वाचले ते आमच्या घरी नव्हते म्हणून! त्यातल्या एका मुंजीच्या फोटोत मागे वाड्याचा दिंडी दरवाजा पूर्ण दिसतो, कडी, बिजागऱ्या, उंबऱ्यावरची रांगोळी सगळं. वडिलांनी तो बघून लगेच सांगितलं की दिंडी उजवीकडे उघडायची आणि कुरकुरायची. तेव्हा पुण्यातल्या ज्यांचं पानशेतमध्ये गेलं त्यांना माझा सल्ला, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, नागपूर, जिथे नातेवाईक दिले-घेतले तिथे विचारा.

---

राणीबागवाली

भायखळ्याची मी. लहानपणी राणीच्या बागेत एक काळा घोडेस्वार होता, त्याच्यासमोर आमचा शाळेच्या सहलीचा फोटो आहे. तो कोण, इथे का, काही माहीत नव्हतं. नंतर एका पोस्टकार्डावर सेम टु सेम घोडा दिसला, पण मागे फोर्टातल्या इमारती! तोच तो, सातवा एडवर्ड, अल्बर्ट ससूननं दिलेला, ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं. १९६५ ला तिथून हलवून इकडे आणला. आणि काळा घोड्याला आता २०१७ पासून नवीन घोडा आहे, त्याच्यावर स्वारच नाही. तर सहलीचा फोटो १९६५ नंतरचा एवढं नक्की, तसं माझं वय बघता ते सांगायला घोडा कशाला हवा.

तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. बेटाला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तोच. लोक पेंग्विन बघायला जातात आणि त्याच्या बाजूनं निघून जातात.

---

रद्दीप्रेमी

थोडं कामाचं. फोटोला सेलोटेप लावू नका, पिवळी पडून फोटो घेऊन जाते. मागे बॉलपेननं लिहू नका, पेन्सिल, तीही हलक्या हातानं. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका, पानासकट स्कॅन करा, बाजूला पांढऱ्या शाईत काकूंनी लिहिलेलं असतं तेच महत्त्वाचं. स्टुडिओचा शिक्का बघा, पुठ्ठ्यावर खाली उठावदार अक्षरात पत्ता असतो, तिरका उजेड टाकला की वाचता येतो. आणि व्हॉट्सॅपवर "१८९० ची मुंबई" म्हणून जे फिरतं त्यात विजेची ट्राम असेल तर पाठवणाऱ्याला काकांचा वरचा प्रतिसाद पाठवा. रंगवलेले फोटो तर मी आता बघतच नाही, ट्रामला वाट्टेल तो रंग देतात.

---

गिरगावची सून

माझा अनुभव नाही, प्रश्न आहे, चालेल ना? सासऱ्यांच्या वहीत एक फोटो मिळालाय, मागे काहीच नाही. तीन मजली इमारत, लाकडी सज्जे, खाली एक इराणी असावा कारण वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसतायत. पुढे ट्राम, एकमजली, आणि तिच्या मागे अर्धी डबलडेकर बस. उजवीकडे भिंतीवर सिनेमाचं पोस्टर आहे पण फाटलेलं, खालची दोन अक्षरं फक्त. सासरे म्हणतात ठाकूरद्वार, सासूबाई म्हणतात शक्यच नाही, दोघंही तिथेच वाढलेत.

---

ट्रामवाले काका

डबलडेकर बस आहे म्हणजे १९३७ नंतरचा, ट्राम आहे म्हणजे १९६४ च्या आतला. पोस्टरचा तेवढा भाग मोठा करून टाका आणि बसच्या पाटीवरचा नंबर वाचता येतोय का बघा. आणि सासूबाईंना विचारा, शक्य नाही म्हणजे नेमकं का? त्यांना काहीतरी दिसलंय.