अनुभव धागा : ताडोब्याला नेमकं कधी जावं?

पळसपान
आज रस्त्याकडेला पळस फुललेला दिसला आणि ताडोब्याच्या मोहर्ली गेटचा रस्ता डोळ्यांपुढे आला. याच दिवसांत सगळीकडून एकच प्रश्न येतो, ताडोब्याला कधी जाऊ? म्हणून हा धागा. महिना, गेट (कुठल्या प्रवेशद्वारातून सफारीला शिरलात) आणि काय दिसलं, काय हुकलं ते लिहा.

सुरुवात मी करते. वाघच बघायचा असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेअखेर. साग, धावडा तोवर उघडे पडलेले असतात, ओढे आटतात आणि जनावर पाणवठ्याभोवतीच राहतं. ऑक्टोबरात गेट उघडतं तेव्हा गवत एवढं माजलेलं असतं की रस्त्यापासून दहा फुटांवर बसलेला वाघही दिसत नाही. बांबू मात्र बाराही महिने आडवा येतो, त्यामुळे उन्हाळ्यातही सगळं मोकळं दिसेल असं धरू नका.

रानभैरी
महिन्यापेक्षा पाऊस बघा. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी किंवा गारपीट झाली की खोलगट जागा, डबकी भरतात. मग जनावराला तलावावर यायची गरज उरत नाही आणि पाणवठ्यावर ताटकळण्यात अर्थ नसतो. पुन्हा चार-पाच दिवस कडक ऊन पडलं की गणित जुळतं. बुकिंग बदलता येत नाही हे खरं, पण अशा वेळी गाईडला सांगून रस्त्यांवर पंजांचे ताजे ठसे शोधत फिरा, एका जागी बसू नका.

सुगरण७
आईबाबा सत्तरीचे आहेत, मे झेपणार नाही. डिसेंबरात नेलं तर सफारीची फेरी वाया जाईल का?

पळसपान
@सुगरण७ अजिबात नाही, ताई. थंडीत वाघ पाण्यात बसत नाही, पण ऊन चढलं की रस्त्यावर येऊन पडतो. त्रास असतो तो गारठ्याचा. पहाटे पारा १०च्या खाली आणि जिप्सी (सफारीची गाडी) उघडी, त्यात चालत्या गाडीचा वारा. कानटोपी, हातमोजे आणि माणशी एक जाड पांघरूण न्याच. गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवली तर फार बरं वाटतं. त्यांच्यासाठी दुपारची फेरी घ्या, आणि ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट मागा. शेवटची सीट मागच्या चाकांवर येते, तिथे कंबरेला सगळ्यात जास्त धक्के बसतात.
नाताळ ते १ जानेवारी टाळा. गर्दीही तेव्हाच आणि दरही चढे.

चंद्रपूरकर
मे चं ऊन काय राहते ते बाहेरच्या लोकांना समजत नाही, म्हणून सांगतो. ४५-४६ साधी गोष्ट आहे इथं. नुसत्या टोपीनं काही होत नाही, सुती दुपट्टा ओला करून डोकं, कान, मान सगळं बांधा. पाणी माणशी २ लिटर एका फेरीला, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर. एसी गाडीतून उतरून तडक जिप्सीत बसू नका बाप्पा, अर्धा तास सावलीत बसा आधी. जिप्सीचा लोखंडी दांडा उघड्या हातानं धरू नका, चटका बसते. आणि रिकाम्या पोटी तर बिलकुल जाऊ नका.

टिपूर
चंद्रपूरकर भाऊंना अनुमोदन. मे मध्ये दुपारी गाडी पळवू नका. तेलिया किंवा पांढरपौनी या पाणवठ्यांच्या काठी इंजिन बंद करून तासभर थांबा. वाघ बरेचदा पाठमोरा पाण्यात उतरतो, तेव्हा काठावरच्या सावलीवर लक्ष ठेवा. वाघाची चाहूल लागली की हरणं इशारा देतात, पण चितळ उगाचही ओरडतं, सांबर ओरडलं तर मात्र जागचं हलू नका.

किरमिजी
मंगळवारी बंद असतं हे कोणी लिहिलंच नाही! दर वर्षी कोणीतरी सोमवार-मंगळवार सुट्टी टाकून येतं, जीव हळहळतो. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ प्रत सोबत हवं. कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या गाभ्यात) मोबाइल नेता येत नाही, फोटो हवे तर कॅमेरा आणा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. पावसाळ्यात बफरची (कोअरभोवतीच्या पट्ट्याची) काही गेटं चालू असतात, पण जोराचा पाऊस झाला की तीही बंद होतात.

नवरंगी
सगळे वाघावरच अडकलेत. जूनचा पहिला पंधरवडा घ्या. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, पहाटे बांबूत सारखी शीळ घालतो. स्वर्गीय नर्तकही याच काळात. वीणीचे दिवस असतात, कृपा करून मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवून बोलावू नका, बफरमध्येसुद्धा. पाणपक्षी हवे असतील तर डिसेंबर-जानेवारीत इरई धरणाचं पाणी.

रानभैरी
गेटचंही लिहितो. मोहर्लीला चंद्रपूर जवळ, म्हणून गर्दी. नागपूरहून चिमूरमार्गे कोलारा किंवा नवेगाव सोयीचं. पांगडी आणि झरी ही गेटं कोळसा नावाच्या वनक्षेत्राच्या बाजूला, गाड्या कमी आणि जंगल शांत. अस्वल, रानकुत्रे, गवे बघणाऱ्यांनी तिकडे जावं. एका फेरीवर कधीच येऊ नका, किमान चार घ्या, सकाळ-दुपार मिसळून.

मोहफूल
अस्वलावरून आठवलं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि अस्वल पहाटे झाडाखाली येतं. पण त्याच वेळी बफरमधल्या गावातल्या बायाही फुलं वेचायला जंगलात असतात, वाकून. त्यांच्या जिवाला रोज धोका असतो. पहाटे गेटकडे जाताना गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवू नका, थांबून त्यांचे फोटो तर मुळीच काढू नका. आणि विडी-सिगारेटचं थोटूक टाकू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम असतो, पानगळीचा सगळा पाचोळा खाली पडलेला असतो.

सुगरण७
मोहफूल, त्या फुलांचे लाडू कसे करतात हो? गूळ घालावा लागतो का?

मोहफूल
@सुगरण७ गूळ लागत नाही. वाळलेली फुलं निवडा, आतली पुंकेसरं काढा, मंद आचेवर भाजा. भाजलेले तीळ घाला आणि गरम असतानाच कुटा. फुलांचाच चिकटपणा पुरतो.

झाडीचा
दिवाळीनंतर येणाऱ्यांसाठी : कोलारा-नवेगावकडे उतरलात तर सिंदेवाही, नागभीडकडे झाडीपट्टीची (इकडच्या पूर्व विदर्भातली) नाटकं चालू असतात. रात्रभर चालतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारचीच फेरी ठेवा.

सुगरण७
बाबांना सांगते, ते नाटकासाठी आधी तयार होतील. दुपारची फेरीच घेते.