पोलिश लोकांची मातृभूमी नेमकी कोणती?

प्रश्न : पंचगंगाकाठ

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिच्यात सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, राहत होती, हे आमच्या भागात अनेकांना ऐकून ठाऊक आहे. त्या छावणीतल्या लोकांविषयी वाचताना मला एक कोडे पडले. त्यांच्यापैकी पुष्कळांची मूळ गावे ल्विव, व्हिल्नियस, ग्रोद्नो, पिन्स्क अशा शहरांच्या परिसरात होती, आणि ही शहरे आज युक्रेन, लिथुआनिया व बेलारूस या देशांत आहेत. उलट आजच्या पोलंडमधली व्रोत्सवाफ आणि श्चेचिन ही मोठी शहरे १९३९ मध्ये जर्मनीत होती. मग पोलिश लोक ज्या भूमीला आपली म्हणतात ती नेमकी कोणती? ती मुळातच पूर्वेकडे होती आणि नंतर पश्चिमेकडे सरकली, की उलट झाले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : जुने नकाशे

दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. भूमी आधी पश्चिमेकडे होती, मग काही शतके पूर्वेकडे पसरत गेली, आणि १९४५ मध्ये पुन्हा पश्चिमेकडे ढकलली गेली.

पोलिश राज्याचा उगम वार्ता नदीच्या खोऱ्यात, ग्न्येझ्नो आणि पोझनान या गावांच्या परिसरात झाला. तेथील प्यास्त घराण्यातील म्येश्को या राज्यकर्त्याने ९६६ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशाच्या) दोब्रावा या राजकन्येशी विवाह केला होता. हा धर्मस्वीकार रोमच्या चर्चमार्फत झाल्यामुळे पोलिश लोक लॅटिन लिपीच्या आणि पश्चिम युरोपीय विद्यापीठांच्या जगाशी जोडले गेले, तर त्यांच्या पूर्वेकडील स्लाव (पोलिश ज्यात मोडतात त्या भाषासमूहातील) शेजारी कॉन्स्टँटिनोपलच्या परंपरेत गेले. पुढच्या हजार वर्षांतील बऱ्याच संघर्षांचे बीज या एका निर्णयात आहे असे मला वाटते. म्येश्कोचा मुलगा बोलेस्वाव याचा १०२५ मध्ये राज्याभिषेक झाला. म्येश्कोच्या अखेरच्या काळातील राज्य ओडर नदीपासून व्हिस्चुलाच्या पलीकडे आणि बाल्टिक समुद्रापासून कार्पेथियन पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेले होते; त्याचा नकाशा आजच्या पोलंडच्या नकाशावर ठेवला तर दोन्ही आश्चर्य वाटावे इतके जुळतात.

पुढे मात्र राज्याची पश्चिम बाजू निसटत गेली. ११३८ मध्ये राजपुत्रांत वाटणी झाली आणि जवळजवळ दोनशे वर्षे एकसंध राज्य उरले नाही. १२२६ च्या सुमारास माझोव्हियाच्या कोनराडने बाल्टिक किनाऱ्यावरील प्रशियन टोळ्यांविरुद्ध मदतीसाठी ट्युटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, बोलावले. त्यांनी बाल्टिक किनाऱ्यावर स्वतःचेच राज्य उभारले आणि १३०८ मध्ये ग्दान्स्क घेतले. १३२० मध्ये क्राकूफ येथे व्वादिस्वावचा राज्याभिषेक होऊन राज्य पुन्हा एक झाले खरे, पण सायलेशिया (व्रोत्सवाफभोवतीचा प्रदेश) बोहेमियाकडे गेला तो गेलाच. त्याचा मुलगा काझिमिर, ज्याने १३६४ मध्ये क्राकूफचे विद्यापीठ स्थापन केले, त्याने सायलेशियावरील हक्क सोडला आणि आपले लक्ष आग्नेयेकडे, ल्विवच्या प्रदेशाकडे वळवले. राजाचे तोंड येथे पूर्वेकडे फिरले आणि देशाचेही.

१३८६ मध्ये राणी यादविगा आणि लिथुआनियाचा अधिपती योगाइला यांचा विवाह झाला. दोन राज्ये जोडली गेली, १४१० मध्ये ग्रुनवाल्ड येथे त्यांनी मिळून ट्युटॉनिक सरदारांचा पराभव केला, आणि १५६९ च्या लुब्लिन करारानंतर दोघांचे एकच प्रजासत्ताक बनले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा विस्तार सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर होता, म्हणजे आजच्या पोलंडच्या तिप्पट. वळिवड्याच्या लोकांचे पूर्वज पूर्वेकडे कसे पोहोचले याचे उत्तर या करारात आहे. पोलिश जमीनदार, धर्मगुरू, कारागीर आणि शेतकरी त्या विस्तीर्ण मुलखात जाऊन वसले, आणि तेथील लिथुआनियन व रूथेनियन (आजच्या युक्रेनियन-बेलारूसी लोकांचे पूर्वज) सरदारांनीही हळूहळू पोलिश भाषा व कॅथलिक पंथ स्वीकारला.

स्लाव लोक या भूमीत त्यापूर्वी कधी आले, हा वाद वेगळा आणि फार कडवा आहे. पोझनानचे पुरातत्त्वज्ञ युझेफ कोस्त्शेव्स्की यांचे मत असे होते की स्लाव तेथे लोहयुगापासूनच होते. १९३३ मध्ये बिस्कुपिन येथे सरोवरातील द्वीपकल्पावर लाकडी तटबंदीची एक संपूर्ण वसाहत सापडली तेव्हा त्यांनी ती या मताचा पुरावा मानली. जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्ताफ कोसिना यांनी त्याच प्रदेशाला जर्मनिक लोकांची प्राचीन भूमी ठरवले होते. विशेष म्हणजे कोस्त्शेव्स्की त्यांचेच विद्यार्थी. बिस्कुपिनच्या लाकडांच्या वाढीच्या वलयांवरून ती झाडे इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तोडली गेली हे पुढे निश्चित झाले, आणि ती वसाहत स्लाव होती असे आज बहुतेक संशोधक मानत नाहीत. पाचव्या शतकात तेथील जुनी वस्ती मोठ्या प्रमाणात विरळ झाली आणि सहाव्या शतकापासून पूर्वेकडून स्लाव आले, या मताला अलीकडच्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनीही बळ दिले आहे. उत्खननातील मडक्यांवरून आजच्या सीमा ठरवू नयेत, हा या वादातून घेण्यासारखा धडा आहे; दोन्ही बाजूंनी नेमके तेच केले आणि त्याची किंमत सामान्य माणसांनी चुकवली.

उत्तर २ : मृण्मयी

वरील उत्तर राजांचा आणि सीमांचा इतिहास नीट मांडते. परंतु ‘पोलिश लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न सोडवल्याशिवाय त्यांची भूमी कोणती हे कळणार नाही.

जुन्या प्रजासत्ताकात राष्ट्र म्हणजे सरदारवर्ग होता. लोकसंख्येत त्याचे प्रमाण आठ ते दहा टक्के, म्हणजे त्या काळच्या युरोपात फारच मोठे होते. हा वर्ग १५७३ पासून स्वतः राजाची निवड करत असे, आणि त्याच वर्षी वॉर्सा येथे झालेल्या करारात सरदारांनी धर्माच्या कारणावरून परस्परांवर हत्यार न उचलण्याचे वचन दिले होते. ज्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांची कत्तल करत होते त्या शतकातील ही गोष्ट आहे, आणि तिचे मोल कमी लेखू नये. त्याच वेळी शेतकरी मात्र जमिनीला बांधलेला होता. त्याला मालकाच्या शेतात आठवड्यातील कित्येक दिवस वेठ करावी लागे आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. ज्याची भाषा पोलिश होती तो शेतकरीसुद्धा या राष्ट्राचा सदस्य मानला जात नव्हता.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी हा देश संपूर्ण वाटून घेतला. ३ मे १७९१ रोजी संमत झालेली सुधारित राज्यघटना आणि १७९४ मधील सेनानी कोश्चुश्को यांचा उठाव हे प्रयत्न फार उशिरा झाले. त्यानंतर १२३ वर्षे पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य नव्हते. या काळात पोलिश असणे ही सरदारांची मिरासदारी न राहता भाषा, पंथ आणि आठवण यांच्या आधारे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली, पण हे आपोआप झाले नाही. १८४६ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात पोलिश बोलणाऱ्या शेतकऱ्यांनीच पोलिश जमीनदारांच्या शेकडो वाड्यांवर हल्ले केले आणि सुमारे हजार लोक मारले. स्वातंत्र्याच्या उठावाची तयारी करणारे सरदार त्यांना आपले वाटत नव्हते. वेठबिगारी ऑस्ट्रियाने १८४८ मध्ये आणि रशियाने आपल्या ताब्यातील पोलंडमध्ये १८६४ मध्ये संपवली. १९०१ पर्यंत चित्र किती बदलले होते पाहा. प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या लहान गावात धर्मशिक्षणाच्या तासाला जर्मन भाषेत उत्तरे देण्यास मुलांनी नकार दिला, म्हणून शिक्षकांनी त्यांना बदडले, आणि ती मुले सामान्य घरांतील होती.

पूर्वेकडे परिस्थिती अधिकच गुंतागुंतीची राहिली. पोलिश साहित्याचा सर्वांत मोठा कवी आदाम मित्स्क्येविच हा आजच्या बेलारूसमधील नोव्हाग्रुदोकच्या परिसरात १७९८ मध्ये जन्मला आणि त्याने पोलिशांच्या राष्ट्रीय महाकाव्याची सुरुवात लिथुआनियाला मातृभूमी म्हणून साद घालून केली. त्याला यात कोणतीही विसंगती दिसली नाही, कारण त्याच्या मनातील मातृभूमी म्हणजे ते जुने, दोघांचे प्रजासत्ताक होते. पण त्याच मुलखातील युक्रेनियन, लिथुआनियन आणि बेलारूसी लोक एकोणिसाव्या शतकात स्वतःला स्वतंत्र राष्ट्रे मानू लागले होते आणि पोलिश जमीनदाराची सत्ता त्यांना परकी वाटत होती. १९३१ च्या जनगणनेत ल्विव शहरात धर्मानुसार निम्मे लोक रोमन कॅथलिक, जवळजवळ एकतृतीयांश ज्यू आणि सुमारे सोळा टक्के ग्रीक कॅथलिक, म्हणजे बहुतांशी युक्रेनियन होते. भोवतालच्या खेड्यांत मात्र युक्रेनियनच बहुसंख्य होते. पिन्स्कच्या दलदलीच्या प्रदेशात तर सात लाखांहून अधिक लोकांनी आपली भाषा ‘इथलीच’ अशी नोंदवली. हे लोक कोणत्याच राष्ट्राच्या चौकटीत बसत नव्हते. म्हणून ‘ही भूमी पोलिश होती’ असे वळिवड्याच्या संदर्भात म्हणताना ‘ती त्यांचीही होती’ असे म्हणावे, एवढाच माझा आग्रह आहे.

उत्तर ३ : दप्तरखाना

वळिवड्याशी थेट संबंध असलेल्या काळाविषयी लिहितो.

११ नोव्हेंबर १९१८ हा पोलंडच्या पुनर्जन्माचा दिवस मानला जातो, पण पूर्व सीमा ठरली ती १९२१ च्या रिगा तहाने, सोव्हिएत रशियाशी झालेल्या युद्धानंतर. त्या युद्धातील अनेक सैनिकांना नव्या सरकारने पूर्वेकडे जमिनी दिल्या. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यातील भागातून पहिली मोठी हद्दपारी १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत झाली आणि तिचा रोख प्रामुख्याने हे सैनिक-वसाहतदार व वनखात्यातील कर्मचारी यांच्या कुटुंबांवर होता. एप्रिलमध्ये अटकेत असलेल्यांची आणि मारल्या गेलेल्यांची कुटुंबे कझाकस्तानला पाठवली गेली. त्याच वसंत ऋतूत रशियातील कातिन व इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व कैदी गोळ्या घालून मारले गेले. जूनमधील तिसऱ्या हद्दपारीत जर्मनांपासून पळून आलेले निर्वासित होते आणि त्यांत ज्यू बहुसंख्य होते. चौथी हद्दपारी १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. सोव्हिएत कागदपत्रांनुसार या चार लाटांत तीन लाखांहून अधिक माणसे नेली गेली.

जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, कैद्यांना माफी मिळाली आणि जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्याबरोबर हजारो नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. सैनिक पुढे इटलीत, मोंते कासिनोला लढले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध इराणमधून भारत, पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा ठिकाणी पाठवले गेले. वळिवड्याची माणसे ती हीच.

ती कोल्हापूरजवळ शाळा आणि चर्च चालवत असताना त्यांच्या गावांचा निकाल दुसरीकडे लागत होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पूर्व सीमा सोव्हिएत संघाच्या बाजूने ठरली, त्या उन्हाळ्यात पॉट्सडॅम येथे ओडर व नाइसे नद्यांपर्यंतचा प्रदेश पोलिश प्रशासनाकडे आला. पूर्वेला सुमारे एक लाख ऐंशी हजार चौरस किलोमीटर गेले, पश्चिमेला व उत्तरेला सुमारे एक लाख मिळाले. तेथून लक्षावधी जर्मनांना बाहेर काढले गेले आणि पूर्वेकडून आलेले पोलिश लोक त्यांच्या घरांत राहू लागले. ल्विव विद्यापीठातील अनेक प्राध्यापक व्रोत्सवाफला आले, ल्विवच्या ओसोलिन्स्की ग्रंथसंग्रहाचा एक भाग तेथे आला, कोश्चुश्को यांच्या उठावातील रात्सवावित्सेच्या लढाईचे प्रचंड चित्रही आले. नव्या साम्यवादी सरकारने या प्रदेशाला ‘परत मिळवलेली भूमी’ म्हटले आणि प्यास्त राजांचा दाखला दिला. पहिल्या उत्तरातील म्येश्को आणि बिस्कुपिन येथे राजकारणात उतरले. पश्चिम जर्मनीने ही सीमा १९७० च्या करारात मान्य केली आणि एकत्रित जर्मनीने १४ नोव्हेंबर १९९० च्या करारात ती कायम केली.

आजचा पोलंड जवळजवळ एकजिनसी दिसतो, तो पूर्वी तसा नव्हता. युद्धापूर्वी तेथे तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू राहत होते आणि त्यांपैकी सुमारे तीस लाख मारले गेले. १९४७ मध्ये पोलिश सरकारने आग्नेय भागातील सुमारे एक लाख चाळीस हजार युक्रेनियन व लेम्को (कार्पेथियन डोंगरांतील एक समाज) लोकांना उचलून पश्चिमेच्या नव्या प्रदेशात विखुरले. हा एकजिनसीपणा मातृभूमीचा मूळ स्वभाव नाही, हे लक्षात ठेवावे.

पंचगंगाकाठ

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मृण्मयी यांचा आग्रह मला पटतो. एकच उपप्रश्न आहे. युद्ध संपल्यावर वळिवड्याचे लोक नव्या पोलंडमध्ये परतले का?

उत्तर ४ : दप्तरखाना

काही परतले, बरेच परतले नाहीत. ज्यांचे गाव सोव्हिएत संघात गेले त्यांना ‘परत जा’ म्हणण्याला अर्थच उरला नव्हता. जायचे तर जर्मनांनी सोडलेल्या, कधीही न पाहिलेल्या गावी जायचे, आणि तेही ज्या सत्तेने आपल्याला हद्दपार केले होते त्याच सत्तेने बसवलेल्या सरकारच्या अमलाखाली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली, त्यामुळे या लोकांना आपले म्हणता येईल असे सरकारही राहिले नाही. ज्यांचे वडील, भाऊ किंवा पती आंदेर्स यांच्या सैन्यात होते त्यांना १९४७ च्या पुनर्वसन कायद्यामुळे ब्रिटनमध्ये स्थायिक होता आले. इतर काही कुटुंबे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेकडे वळली, काही आधी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि तेथेच आजचे गांधीनगर उभे राहिले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक असून भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे आदरांजली वाहिली. आपल्याला त्यांच्या मूळ गावांचा शोध घ्यायचा असेल तर १९३९ पूर्वीच्या व्होल्हिनिया, पोलेसी, नोव्होग्रुदेक, व्हिल्नो (व्हिल्नियस), ल्वूफ (ल्विव), तार्नोपोल आणि स्तानिस्वावूफ या पूर्वेकडील प्रांतांचे नकाशे पाहावेत, आणि गावांची नावे पोलिशबरोबरच युक्रेनियन वा बेलारूसी रूपातही शोधावीत, कारण आजच्या नकाशांवर बहुधा तीच रूपे छापलेली असतात.