मदत हवी आहे: थर्टी-थर्टीत १५० ग्रेनचा ग्रुप उभा का ताणतो? दोष काडतुसाचा की तापलेल्या बॅरलचा?

नमस्कार मंडळी,

मार्लिन ३३६ या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत थर्टी-थर्टी विंचेस्टर या मापाची तीन प्रकारची काडतुसं ताडून बघतोय आणि निष्कर्षापाशी येऊन अडलोय. (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं एकक, ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका.) १५० ग्रेन सपाट टोकाची, १७० ग्रेन सपाट टोकाची आणि हॉर्नडीची १६० ग्रेन लेव्हरेव्होल्यूशन. बॅरल २० इंची, वर कमी पॉवरचा स्कोप, टेबलावर वाळूच्या पिशव्या, अंतर १०० मीटर.

साधी टोकदार गोळी का नाही, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. या रायफलीच्या ट्यूब मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात आणि मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकतं. कडक अणकुचीदार टोक असेल तर धक्क्याने प्रायमर आतच उडू शकतो. लेव्हरेव्होल्यूशनचं टोक मऊ पॉलिमरचं असल्यामुळेच ती चालते. यात मला तडजोड नको आहे.

आता मुद्द्याचं. १७० ग्रेनचे पाच बार साधारण ६ सेंटीमीटरमध्ये, छान गोल ग्रुप. १५० ग्रेनचे पहिले दोन एकमेकांना चिकटून आणि पुढचे प्रत्येक वेळी थोडे वर. शेवटी ग्रुप ११ सेंटीमीटर उंच, पण रुंदी जेमतेम ३. टार्गेटवर शिडी लावल्यासारखी भोकं दिसतात. १६० ग्रेन या दोन्हींच्या मधे.

आधी वाटलं, दारूचं माप कमीजास्त असेल. पण क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावला तर वेग एकसारखा. खोक्यावर १५० साठी सेकंदाला २३९० फूट आणि १७० साठी २२०० लिहिलंय, ते २४ इंची बॅरलचे आकडे. माझ्याकडे दोन्ही थोडे कमी भरतात, ते अपेक्षितच. शिवाय वेगात ५० फुटांचा फरक पडला तरी १०० मीटरवर गोळी अर्धा सेंटीमीटरच वरखाली होते. ११ सेंटीमीटरचा हिशोब त्यात बसत नाही.

मग हे वजन माझ्या बॅरलला मानवत नाही असं समजून १५० ग्रेन सोडून द्यायचं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

इतक्यात सोडू नका. आधी हे सांगा, कुठला प्रकार आधी मारता आणि कुठला शेवटी?

धागाकर्ता

१७० आधी, मग १६०, शेवटी १५०. एका प्रकारचे पाच झाले की लगेच पुढचा.

प्रतिसाद १

मग ही तुलना काडतुसांची नाही, गार आणि गरम बॅरलची आहे. या रायफलीत पुढचं लाकूड आणि मॅगझीनची ट्यूब, दोन्ही बॅरलला अडकवलेली असतात. बॅरल तापून लांबतं, ही मंडळी त्याला मोकळं लांबू देत नाहीत, आणि मार सरकत जातो. रुंदी तेवढीच आणि उंची वाढत जाणारी, ही त्याचीच खूण.

एक बार १७० चा, एक १५० चा, असे आलटून पालटून दोन वेगळ्या टार्गेटवर मारा. प्रत्येक बारानंतर बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबा. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय खरं उत्तर मिळत नाही. मॅगझीन भरू नका, काडतूस रिकामं कवच बाहेर पडतं त्या बाजूच्या खिडकीतून एकेक ठेवा, म्हणजे ट्यूबचं वजन प्रत्येक बाराला सारखं राहील. आणि पिशवी पुढच्या टोकाला नको, रिसीव्हरच्या (बॅरलमागच्या, यंत्रणा असलेल्या भागाच्या) जवळ घ्या.

१६० ग्रेनला १०० मीटरवर जोखू नका. तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा विरोध किती सहज कापते त्याचा आकडा) ०.३३० आहे, सपाट टोकाच्या गोळ्यांचा ०.१९ च्या आसपास. तो फायदा २०० मीटरच्या पुढेच दिसतो.

धागाकर्ता

मनापासून आभार, असंच करून बघतो. पुढच्या लाकडाच्या टोपीचे स्क्रू थोडे सैल करून पाहू का?

प्रतिसाद १

आत्ता नको. एका वेळी एकच गोष्ट बदला. गार बॅरलवरही १५० ची शिडी तशीच राहिली, तर स्क्रूकडे बघू. तोवर झिरो, म्हणजे स्कोपची नेमाची जुळणी, १७० वरच ठेवा.