न्यायाधीशांचं प्रगतिपुस्तक आकड्यांवर काढावं का?

गंगापूररोडकर: नाशिक जिल्ह्यातल्या कोर्टांत किती प्रकरणं पडून आहेत, किती निकाली निघाली, हे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कोणीही बघू शकतं. न्यायाधीशांचं मूल्यमापन मात्र निकाली कामाची युनिटं (प्रत्येक निकाली प्रकरणामागे मिळणारे गुण) आणि गोपनीय अहवाल यांवर. माझं म्हणणं, दोन आकडे उघड मांडा: अपिलात तपासलेल्या निकालांपैकी किती फिरले, आणि निकालाला लागलेला मध्यक काळ, म्हणजे निम्मी प्रकरणं ज्याच्या आत संपतात तो.

जुनं सीबीएस: समजा, एका न्यायाधीशाच्या ४० अपिलांत १२ निकाल फिरले, म्हणजे ३०%. पण नमुना ४० चाच, त्यामुळे ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा टक्का ज्या पट्ट्यात असावा तो, जवळपास १८ ते ४५ निघते. शेजारच्या कोर्टातल्या २२ टक्केवाल्यापेक्षा हे साहेब वाईट, असं कशाच्या जोरावर म्हणणार? त्यात २० न्यायाधीशांना ५ टक्क्यांची कसोटी (निव्वळ योगायोगानं १०० त ५ वेळा चुकीचा शेरा देणारी) लावलीत, तर सगळे सारखेच असले तरी निदान एकावर लाल शेरा पडण्याची शक्यता ६४%. ०.९५ चा २० वा घात १ मधून वजा करून बघा.

निफाडकर: मध्यक काळाचं तर बोलूच नका. द्राक्षांच्या पैशाचा चेक न वटता परत गेला की चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ ची तक्रार. व्यापारी परराज्यातला, समन्स तामील होत नाही, तारखांवर तारखा. त्यात न्यायाधीश काय करणार? आणि गंमत बघा, ज्यानं १० वर्षं पडलेले वाटपाचे दावे निकाली काढले त्याचा आकडा बिघडतो. ज्यानं ते कपाटातच ठेवले त्याचा चकचकीत!

गंगापूररोडकर: हा दोष निकालीच प्रकरणं मोजल्यामुळे येतो. प्रलंबितही धरा, ‘आजपर्यंत संपलं नाही’ अशी नोंद करून. रुग्ण किती काळ जगले हे मोजायला कॅप्लान-मायर पद्धत वापरतात, तीच इथं चालते. समन्स तामिलीचा आणि वरच्या कोर्टाच्या स्थगितीचा काळ वेगळा काढा. अपिलं थोडी असतील तर टक्का सरासरीकडे ओढा. समजा जिल्ह्याची सरासरी २५% आहे आणि एकाचे ४ पैकी ३ फिरले. ७५% लिहू नका. २० मानीव अपिलं, त्यातली ५ फिरलेली, मिळवा: २४ पैकी ८, म्हणजे ३३%.

जुनं सीबीएस: गणित चोख, माल कच्चा. दंडाधिकाऱ्यांना काम पोलीस ठाण्यांप्रमाणे वाटलेलं असतं, सोडतीनं नाही. मग तुलना कोणाची कोणाशी? पुरावा एकानं नोंदवला, त्याची बदली झाली, निकाल दुसऱ्यानं दिला, तो फिरला. कोणाच्या खाती? आणि अपिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसलेला पक्षकार तुमच्या छेदात येतच नाही. जामिनाचे आकडे नावानिशी छापले, तर वकील कोर्ट बघून अर्ज लावतील. फ्रान्सनं २०१९ मध्ये न्यायाधीशांच्या नावानिशी असं विश्लेषण करणं गुन्हाच ठरवलं, ५ वर्षांपर्यंत कैद. (हे मला जरा अतीच वाटतं.)

सातपूरवाला: त्याच फ्रान्समध्ये प्वासाँ या गणितज्ञानं १८३७ साली न्यायनिर्णयांच्या संभाव्यतेवर अख्खा ग्रंथ लिहिला. ज्युरीचं बहुमत किती वेळा चुकत असेल, हे त्यानं एकत्रित आकड्यांवरून ताडलं, एकाही ज्युरीकडे बोट न दाखवता. आपणही आकड्यांवर शिक्का मारायला नको. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. ज्यांचा आकडा योगायोगाच्या मर्यादेबाहेर गेला, त्यांचे १० निकाल उच्च न्यायालयानं सोडतीनं काढून वाचावेत.

गंगापूररोडकर: चालेल. पण मर्यादेच्या आतल्यांचेही तितकेच काढा, सगळे एकत्र मिसळा, आणि वाचणाऱ्याला कोणता निकाल कोणाचा हे कळू देऊ नका.