घरचे चार्जिंग आणि परतीचा कसारा घाट

इलेक्ट्रिक कार चार्ज करायला ‘घरातले १५ अँपिअरचे सॉकेट पुरे, वेगळा चार्जर कशाला’ असे एक मत आहे; रोज नाशिक शहरातच, नाशिकरोड ते सातपूर एवढीच ये-जा करणाऱ्यासाठी ते रास्त आहे. त्यातून साधारण ३ किलोवॉट मिळतात, म्हणजे ३० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी भरायला १० ते ११ तास लागतात. मात्र इतका वेळ सलग भार वाहणे ही गिझरसारखी थोड्या वेळाची बाब नाही. प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल किंवा सॉकेटच्या छिद्रांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडू लागले असेल, तर चार्जिंग तत्काळ थांबवून वायरची जाडी आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पार्किंगपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड ओढणे तर कृपया टाळावेच.

नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाटाच्या उतारावर ब्रेकिंगमधून थोडी वीज बॅटरीत परत येते, पण येताना तोच घाट चढायचा असल्याने जातानाच्या टक्केवारीवरून परतीचा हिशेब मांडू नये. ठाणे-भिवंडी परिसरातच पुरेसे चार्जिंग करून निघावे. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग बराच मंदावतो, म्हणून मागे कोणी थांबले असेल तर तेवढ्यावर गाडी बाजूला घेणे मला योग्य वाटते.