पेपरमिंट तेल आणि तान्हे बाळ

प्रश्न: सर्दीने नाक चोंदले की आमच्या घरी रुमालावर पेपरमिंट तेलाचे दोन थेंब टाकून हुंगतात. आता घरात सात महिन्यांचे बाळ असून, त्याच्या छातीलाही हे तेल चोळावे असे सासूबाईंचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १: कृपया चोळू नका. या तेलातील मेन्थॉलमुळे तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राचे स्नायू अचानक आवळले जाऊन श्वास अडकू शकतो, म्हणून ते बाळाच्या नाकातोंडाजवळ नेऊच नये. डॉक्टरांना विचारून नाकात सलाईनचे थेंब घालता येतील. सासूबाई मायेपोटीच सांगत असणार. त्यांना हे कारण शांतपणे समजावून द्या.

उत्तर २: मोठ्यांनीही हे तेल नुसते अंगाला लावू नये. ३० मिली खोबरेल तेलात १० ते १२ थेंब, म्हणजे साधारण २ टक्के, पुरेसे होतात. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दिवसभर पाहावे. पोटात घेऊ नये.

प्रश्नकर्ती: चुकून डोळ्यात गेले तर?

उत्तर २: वाहत्या साध्या पाण्याने १५ मिनिटे डोळा धुवावा आणि जळजळ थांबली नाही तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. बाटली कुलपातच ठेवा.